पिंजऱ्यातला उंदीर आणि आपण

आमच्या वस्तीत एक समजूत पक्की होती: माणूस दारूने खंगत नाही, उपाशीपोटी प्यायल्याने खंगतो. माझे वडीलही तेच म्हणत. पुढे मी प्राध्यापक झालो तेव्हा एक सहकारी सहज बोलून गेले, "तुमच्या लोकांच्या ते रक्तातच असतं." या दोन्ही विधानांची तपासणी करणारे प्रयोग अमेरिकेत, फ्लॉरिडा विद्यापीठात झालेले आहेत.

गेऱ्हार्ड फ्रॉइंड आणि डॉन वॉकर यांनी १९७०च्या सुमारास प्रश्न घेतला तो असा: सतत पिणाऱ्याची स्मरणशक्ती बिघडते ती दारूने, की पोटाची आबाळ होऊन ब-१ जीवनसत्त्व कमी पडल्याने? माणसांत या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. म्हणून उंदीर घेतले. एका गटाला पातळ आहारातून दारू; दुसऱ्याला तोच आहार, फक्त दारूच्या जागी तेवढ्याच उष्मांकांची साखर. जीवनसत्त्वे दोघांना सारखी. भुकेचा हिशेब असा मिटला. प्राणी एकाच वाणाचे, तेव्हा रक्ताचाही मिटला.

काही महिन्यांनी दारू तोडली, नशा पुरती उतरू दिली आणि मगच शिकवायला घेतले. दोन खणांची पेटी असते. आधी खूण मिळते, काही सेकंदांनी पायाखालच्या जाळीतून विजेचा झटका बसतो. खूण ओळखून पलीकडे गेले की झटका चुकतो. साखरेवरचे उंदीर हे शिकले. दारूवरचे, पोटभर खाऊन आणि शुद्धीवर असूनही, मागे पडले. १९८० साली वॉकर व सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखविले की पाच महिने दारू आणि नंतर दोन महिने दारूविना गेल्यावरही उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशी घटलेल्या होत्या. नवे लक्षात ठेवण्याचे काम मेंदूच्या याच भागाकडे असते. मात्र २००४ साली निक्सन व क्रूज यांना, दारू थांबल्यावर याच भागात नव्या पेशी निपजताना उंदरांतच आढळल्या.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. शिवाय उंदराला दारू पाजणारा समोर उभा असतो. आपल्याकडचा गुत्ता, पगाराचा दिवस आणि सरकारचा अबकारी महसूल त्या पेटीत मावत नाहीत.

वडिलांनी शेवटची काही वर्षे दारू सोडली होती. त्या दिवसांत मी त्यांना सही शिकवीत असे. रात्री गिरवलेली अक्षरे सकाळी त्यांना आठवत नसत. लक्षच देत नाहीत, म्हणून मी त्यांच्यावर ओरडत असे.