आज्ञा बाराची, फेरे चोवीस हजार

ॲक्रिलिकची पट्टी शिकंज्यात आवळलेली. कॉम्प्युटरवरून आज्ञा गेली: ‘एम३ एस१२०००’, म्हणजे स्पिंडल मिनिटाला १२००० फेऱ्यांनी फिरव. स्पिंडल सुरू झाला तो किंचाळतच. कटर पट्टीत उतरला आणि भुसा उडायच्या ऐवजी वितळलेल्या प्लास्टिकचा गोळा त्याच्या धारेला चिकटला. घरी सीएनसी यंत्र जोडणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. संशय लगेच स्पिंडलवर जातो, नवा आणायचीही तयारी होते. पण तो खर्च करण्याआधी मल्टिमीटर हातात घ्यावा, कारण दोष बहुतेक वेळा वाटेत असतो.

ही वाट बरीच वळणावळणाची आहे. घरगुती यंत्रात बहुधा आर्डुइनो उनो बोर्ड असतो. त्यावर चालतं जीआरबीएल, म्हणजे नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ साली सुरू केलेलं मोफत सॉफ्टवेअर. वेगाचा आकडा वाचून ते एका पिनवर सेकंदाला सुमारे हजार वेळा ५ व्होल्ट चालू-बंद करतं. वेग जास्त हवा, तर ‘चालू’चा वाटा जास्त. पुढे एक छोटं मॉड्यूल या ठोक्यांचे ० ते १० व्होल्ट करतं. ते पाहून व्हीएफडी ड्राइव्ह स्पिंडलला द्यायची फ्रीक्वेन्सी ठरवतो. दोन पोलच्या स्पिंडलला ४०० हर्ट्झ दिले की साधारण २४००० फेरे.

किंचाळण्याचं कारण अनेकदा पहिल्याच वळणावर सापडतं. जीआरबीएलमध्ये $३० या जागी स्पिंडलचा कमाल वेग भरायचा असतो आणि तिथे मुळात १००० लिहिलेलं असतं. १२००० मागितले की सॉफ्टवेअरच्या हिशेबाने ते कमालीच्याही वर, म्हणून ते पूर्ण सिग्नल सोडतं. $३०=२४००० भरलं की काम झालं. त्याच फेरीत $३२ हे शून्य आहे ना, तेही पाहावं. तो लेझरचा मोड आहे.

काही यंत्रांवर मात्र वेग बदलतच नाही. तिथे वायर कुठे लावली आहे ते बघावं. आर्डुइनोवर बसवायच्या लोकप्रिय सीएनसी शील्डवर स्पिंडलची जागा १२ नंबरच्या पिनवर छापलेली आहे, पण जीआरबीएल १.१ वेगाचा सिग्नल ११ नंबरवर काढतं. शील्डवर त्या पिनेशी ‘झेड लिमिट’ छापलेलं असतं! छापील अक्षरांवर विसंबलेल्या माणसाची संध्याकाळ इथे सहज वाया जाते.

आता मल्टिमीटर. १२००० ची आज्ञा देऊन ११ नंबरची पिन आणि ग्राउंड यांच्यात डीसी व्होल्ट मोजावेत. ठोक्यांची सरासरी म्हणून साधारण २.५ दिसायला हवेत. मॉड्यूलच्या पुढे ५ हवेत. मॉड्यूल न लावता पिन थेट ड्राइव्हला जोडली, तर सिग्नल ५ व्होल्टच्या वर जात नाही आणि स्पिंडल निम्म्या वेगावर अडतो. मॉड्यूल असूनही आकडा चुकत असेल, तर २४००० ची आज्ञा द्यावी आणि मॉड्यूलवरचा बारीक स्क्रू १० व्होल्ट येईपर्यंत हळूहळू फिरवावा.

ड्राइव्हमध्ये दोन सेटिंग वेगवेगळी असतात: सुरू-बंदचा हुकूम कुठून घ्यायचा आणि वेग कुठून घ्यायचा. एकच बदलून दुसरं राहून जातं. मग स्पिंडल आज्ञेने सुरू होतो, पण वेग ड्राइव्हच्या पुढच्या नॉबचाच ऐकतो. १२००० ला पडद्यावर २०० हर्ट्झ दिसले, की इथपर्यंतची वाट मोकळी आहे असं समजावं. एक मात्र जपायचं: वीज बंद केल्यावरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब काही मिनिटं राहतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय झाकण काढू नये.

सगळ्यात जास्त छळतो तो डुगडुगणारा वेग. त्याची परीक्षा सोपी आहे. १२००० ची आज्ञा चालू ठेवून स्पिंडल ड्राइव्हवरून थांबवलेला असताना सिग्नल ५ व्होल्टवर स्थिर आहे आणि फिरू लागताच आकडा थरथरतो, तर तो ड्राइव्हचा विद्युत गोंगाट. स्पिंडलची केबल जाळीदार आवरणाची घ्यावी, जाळी ड्राइव्हच्या अर्थिंगला जोडावी आणि सिग्नलची वायर तिच्यापासून लांब न्यावी. दोन्ही वायरी एकाच पट्ट्याने बांधल्या की यंत्र नीटनेटकं दिसतं खरं, पण गोंगाट तिथूनच शिरतो.

शेवटची मोजणी थेट स्पिंडलवर. नटावर चमकदार टेपचा तुकडा चिकटवून ऑप्टिकल टॅकोमीटर धरला की खरे फेरे कळतात. इंडक्शन मोटर असेल तर ते हिशेबापेक्षा थोडे कमीच भरतात, त्यासाठी पुन्हा स्क्रू पिळायची गरज नाही.