मूळ संहिता आणि चालती प्रत

संगणकावर चालणाऱ्या कोणत्याही आज्ञावलीची दोन रूपे असतात. एक माणसाने लिहिलेले आणि माणसाला वाचता येणारे. त्यास सोर्स कोड अथवा मूळ संहिता म्हणतात. दुसरे केवळ यंत्राने चालवावयाचे. त्यास यंत्रप्रत म्हणता येईल. पहिल्यापासून दुसरे सिद्ध करणारे साधन म्हणजे कंपायलर. त्याचे कार्य भाषांतराचे आहे असे नेहमी सांगण्यात येते, परंतु ही तुलना फार ताणता येत नाही. वेदपठनाच्या परंपरेत संहितापाठाचा पदपाठ होतो व पदपाठावरून संधिनियमांनी पुन्हा संहितापाठ उभा करता येतो. यंत्रप्रतीपासून मागे जाणारी वाट इतकी मोकळी नाही. लेखकाने दिलेली नावे बहुतांशी गळून गेलेली असतात आणि त्याने लिहिलेल्या टिपा तर मुळीच उरत नाहीत. सारांश, जो केवळ यंत्रप्रत स्वीकारतो तो न वाचलेल्या मजकुरावर भिस्त ठेवीत असतो. मूळ संहिता मिळवून आज्ञावली स्वतः बांधण्याचा आग्रह काही लोक धरतात, त्याचे एक कारण हे आहे.

ही बांधणी युनिक्सच्या परंपरेत तीन आज्ञांनी होते: कॉन्फिगर, मेक आणि मेक इन्स्टॉल. पहिला टप्पा वस्तुतः चौकशीचा होय. युनिक्सच्या अनेक शाखा झाल्या आणि एकीत असलेली सोय दुसरीत असेलच असे राहिले नाही. म्हणून कॉन्फिगर ही लिपी लहान लहान चाचणी-आज्ञावल्या कंपाइल करून यंत्रावर काय आहे व काय नाही याचा छडा लावते आणि त्यानुसार मेकफाइल लिहिते. दुसऱ्या टप्प्यातील मेक हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत रचले. कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे हे मेकफाइलीत नमूद असते. फाइलींच्या वेळा ताडून जेवढे बदलले असेल तेवढेच मेक पुन्हा बांधते. (मेकफाइलीतील आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे, मोकळ्या जागांनी नव्हे, हा दंडक आजतागायत नवशिक्यांना छळीत आला आहे.) तिसऱ्या टप्प्यात सिद्ध फाइली नियत स्थळी ठेवल्या जातात. प्रशासकाचे अधिकार लागलेच तर ते येथे. आधीचे दोन टप्पे त्या अधिकारांनी पार पाडणे इष्ट नव्हे. नवख्याचे गाडे बहुधा पहिल्याच टप्प्यात अडते. हवी ती लायब्ररी यंत्रावर असते. परंतु तिचा परिचय कंपायलरला करून देणाऱ्या हेडर फाइली डेबियन, फेडोरा यांसारखी वितरणे निराळ्या पॅकेजात देतात, व ते पॅकेज घेतलेले नसते.

मराठीच्या अभ्यासकालाही हा व्यवहार परका नाही. गेटटेक्स्ट ही पद्धती वापरणाऱ्या आज्ञावल्यांतील मराठी मजकूर, म्हणजे यादीतील शब्द, सूचना, प्रश्न इत्यादी, एका स्वतंत्र फाइलीत इंग्रजी वाक्यांसमोर लिहिलेला असतो, आणि बांधणीच्या वेळी त्याचीही यंत्रप्रत होते. अनुवादकाने शंकास्पद म्हणून खूण केलेली वाक्ये त्या प्रतीत सहसा घेतली जात नाहीत. पडद्यावरील मराठीत मध्येच एखादे वाक्य इंग्रजीत दिसते, ते पुष्कळदा या कारणाने. अनुवाद झालेला असतो. तो कोणी तपासलेला नसतो.

येथवर 'मूळ संहिता' ही एकच निश्चित वस्तू आहे असे गृहीत धरले. ते गृहीत किती डळमळीत आहे हे २०२४ मध्ये दिसून आले. माहिती आकुंचित करणारी एक्सझेड नावाची आज्ञावली व तिची लायब्ररी लिनक्सच्या बहुतेक वितरणांत असते. २०२१ पासून 'जिया तान' या नावाने एक व्यक्ती तिच्या कामात भाग घेऊ लागली आणि क्रमाने विश्वास संपादून नव्या आवृत्त्या प्रकाशित करण्याचा अधिकार तिने मिळविला. आवृत्ती ५.६.० व ५.६.१ यांत तिने एक चोरवाट पेरली. तिची रचना पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने अवश्य पाहावी अशी आहे. घातक यंत्रमजकूर चाचणीसाठी ठेवलेल्या, वरकरणी बिघडलेल्या फाइलींत दडविलेला होता. त्या फाइली सर्वांसमोर, गिटच्या भांडारातच होत्या. तो मजकूर बाहेर काढून बांधणीत मिसळणारी ओळ मात्र भांडारात नव्हती. ती फक्त प्रकाशनासाठी बांधलेल्या टारबॉलमध्ये, कॉन्फिगर लिपी ज्यांपासून तयार होते अशा साहाय्यक फाइलींपैकी एकीत होती. भांडारातील पाठ व वितरित पाठ, दोघांनाही लोक मूळ संहिता म्हणत होते; आणि त्यांत पाठभेद होता.

हस्तलिखितांच्या परिभाषेत यास प्रक्षेप म्हणावे लागेल. प्रक्षेप करणारा आपला मजकूर वाचकाची नजर जेथे शिथिल होते तेथे घालतो, आणि कॉन्फिगर लिपीइतके शिथिल नजरेचे स्थळ दुसरे नसेल. ती पुष्कळदा दहा हजारांहून अधिक ओळींची व यंत्राने निर्माण केलेली असते. ती कोणी वाचीत नाही. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात झाले, तेव्हा प्रतींची जी ताडणी आवश्यक मानली गेली, ती येथे दोन प्रतींपुरतीही वेळीच झाली नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, बांधणी डेबियन अथवा आरपीएम पॅकेजासाठी चालली असेल तरच हा प्रक्षेप जागा होई; घरी सहज बांधून पाहणाऱ्यास काहीच दिसले नसते. मूळ संहितेवरूनच बांधणाऱ्या वितरणांच्या प्रायोगिक शाखांत मात्र तो शिरला. दूरस्थ प्रवेश देणाऱ्या ओपनएसएसएच सेवेपर्यंत पोहोचणे हा त्याचा हेतू होता. आंद्रेस फ्रॉयंड या अभियंत्यास त्या सेवेतील प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले. त्याचा माग काढीत त्यांनी २९ मार्च २०२४ रोजी सर्व प्रकार उघड केला. शोध लागला तो चालत्या प्रतीच्या वागणुकीवरून, संहिता वाचून नव्हे.

या शंकेचे टोक केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्यूरिंग व्याख्यानात दाखविले होते. कंपायलरच्या यंत्रप्रतीतच अशी खोड घालता येते की प्रवेशाची आज्ञावली बांधताना तो तीत चोरवाट ठेवील, आणि स्वतःची नवी प्रत बांधताना ती खोड पुन्हा उतरवील. त्यानंतर मूळ संहितेतून तिचा मागमूस पुसून टाकला तरी खोड वंशपरंपरेने चालूच राहते.

यावर दोन दिशांनी काम झाले आहे. एक, एकाच संहितेपासून निरनिराळ्या ठिकाणी बांधलेल्या प्रती शेवटच्या बिटापर्यंत समान याव्यात असे करणे. बांधणीची तारीख, निर्देशिकेचे नाव, फाइलींचा क्रम अशा क्षुल्लक गोष्टींनीही प्रती भिन्न होतात. डेबियनने २०१३ पासून हे भेद चिकाटीने दूर करीत आणले. तथापि सर्वांनी तोच प्रक्षिप्त टारबॉल वापरला तर सर्वांच्या प्रती समान येऊनही दूषितच राहतील, हे उघड आहे. दुसरी दिशा म्हणजे ज्या न वाचलेल्या यंत्रप्रतीपासून सर्व बांधणीस आरंभ होतो ती शक्य तितकी लहान करणे. गिक्स या वितरणाने २०२३ मध्ये हे बीज ३५७ बाइटांवर आणले व त्यातून क्रमाक्रमाने जीसीसी कंपायलरपर्यंतची बांधणी करून दाखविली. बांधणी चालविण्यासाठी गाइल या भाषेची एक तयार यंत्रप्रत व लिनक्सचे कर्नल मात्र तेव्हाही गृहीत धरावेच लागत होते.