पंप उतरवण्याआधी

रोटाव्हेटर जमिनीत टेकला की ट्रॅक्टर दम तोडतो, काळा धूर ओकतो, नाहीतर अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतो. बांधावर जमलेल्या मंडळींचे निदान तयारच असते: पंप गेला. मग पंप उतरवला जातो, एलिमेंट बदलली जातात, ऐन पेरणीत चार दिवस मोडतात. एवढे करून ट्रॅक्टर पुन्हा तसाच बंद पडतो, कारण दोष टाकीच्या झाकणात असतो. फ्युएल इंजेक्शन पंप हा ट्रॅक्टरमधला सर्वांत काटेकोर भाग आहे. त्याच्यावर संशय घ्यायचा तो सर्वांत शेवटी.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या सतराव्या-अठराव्या हिश्श्यात दाबली जाते, तिचे तापमान 500 अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्या हवेत नेमक्या क्षणी डिझेलचा फवारा पडला की ते पेटते. रुडॉल्फ डिझेल यांच्या 1897 च्या इंजिनात हा फवारा दाबलेल्या हवेने मारत. त्यासाठीचा कॉम्प्रेसर इतका अवजड की कारखान्यात आणि जहाजात तो चालून जाई, वाहनात मात्र नाही. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने 1922 मध्ये इंजेक्शन पंपाचे काम हाती घेतले आणि 1927 मध्ये त्याचे नियमित उत्पादन सुरू झाले. डिझेल इंजिन ट्रक आणि ट्रॅक्टरवर रुळले, त्यात या पंपाचा वाटा फार मोठा. त्याच कंपनीच्या नाशिकमधल्या कारखान्यात आज नोझल आणि इंजेक्टर तयार होतात.

तीन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला 1000 वेळा डिझेल द्यावे लागते. भरपूर लोडवरही एका वेळचे माप साधारण 50 घनमिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. तो सेकंदाच्या दोन-तीन हजारांश भागात, 200 बारहून अधिक दाबाने आत जायला हवा आणि प्रत्येक सिलिंडरला सारखाच मिळायला हवा.

हे माप पंप कसे धरतो, ते पाहण्यासारखे आहे. इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर आणि त्याचे बॅरल असते. या जोडीलाच मिस्त्री एलिमेंट म्हणतात. कॅम प्लंजरला दर वेळी तेवढाच वर ढकलतो, त्या अंतरात काडीचाही फरक पडत नाही. मग डिझेल कमी-जास्त होते कसे? प्लंजरच्या अंगावर एक तिरकी खाच कोरलेली असते. वर जाताना ही खाच बॅरलच्या भोकासमोर आली, की दाब तिथून निसटतो आणि फवारा थांबतो. प्लंजर फिरवणारी दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, सरकली की प्लंजर स्वतःभोवती थोडा फिरतो, त्यामुळे खाच भोकाशी लवकर किंवा उशिरा पोहोचते. लोड वाढून फेरे उतरू लागले, की फेरे सांभाळणारा गव्हर्नर रॅक सरकवून डिझेल वाढवतो. वायर नाही, सेन्सर नाही. एका तिरक्या खाचेवर सगळा हिशेब. इतकी नेटकी युक्ती यंत्रशास्त्रात फार थोड्या ठिकाणी सापडते.

प्लंजर आणि बॅरल यांच्यामधली फट अवघी दोन-तीन मायक्रॉनची असते. 8 मिलिमीटर जाडीचा पोलादी प्लंजर 10 अंशांनी तापला, तरी जवळपास 1 मायक्रॉनने फुगतो. म्हणजे तळहाताची ऊबसुद्धा त्याला जाणवते. या फटीत वंगण म्हणून असते फक्त डिझेल. त्यात पाणी आले तर गंज चढतो, धूळ आली तर ओरखडे पडतात, रॉकेलची भेसळ असेल तर वंगणच पातळ होते. म्हणून शेतात, वाऱ्याधुळीत पंप उघडायला मी कोणालाही सांगणार नाही.

निदान सुरू करायचे ते धुरापासून. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, तेव्हा आधी एअर क्लीनर पाहा. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर डिझेल न जळताच बाहेर पडत असते. टायमिंग, नोझल किंवा कॉम्प्रेशन तपासायला हवे. निळा धूर इंजिन ऑइल जळल्याचा, त्यात पंपाचा सहसा संबंध नसतो.

चालता चालता ट्रॅक्टर बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण सैल करून पाहा. झाकणाचे श्वासाचे भोक बुजले की टाकीत पोकळी होते आणि डिझेल खाली येत नाही. झाकण उघडल्यावर इंजिन सुरळीत झाले, तर रोग तिथेच सापडला. नंतर सेडिमेंट बाउल आणि फिल्टर पाहून हवा काढावी: फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, फेस थांबून स्वच्छ धार येईपर्यंत हातपंप मारायचा. हवा पुन्हा पुन्हा धरत असेल, तर टाकीपासून, तिच्यातून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंतचा नळीचा भाग संशयित. हा ओढीचा भाग असल्यामुळे चिरेतून डिझेल गळत नाही, हवा आत शिरते. नळी कोरडी दिसते आणि माणूस फसतो. स्वच्छ डिझेलचा कॅन वेगळ्या नळीने थेट फीड पंपाला जोडून पाहिला, की ही शंका फिटते.

एकच सिलिंडर मारत नसेल, तर इंजिन स्लोवर ठेवून मिस्त्री नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून किंचित सैल करतो. ज्याचा नट सैल केल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच गप्प असतो. मग त्याचा इंजेक्टर शेजारच्याशी अदलाबदल करायचा. दोष इंजेक्टरबरोबर गेला तर नोझल खराब. जागेवरच राहिला तर एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशन ठीक निघाले, तरच पंप खोलायचा. फवाऱ्यासमोर हात मात्र कधीही धरू नये. त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक रुग्णालय गाठावे लागते. कॉमन रेल इंजिनात दाब हजार बारच्याही वर असतो, तिथे चालू इंजिनाचा नट सैल करणे जिवावर बेतू शकते.

पंप उतरवताना फ्लँजवरची टायमिंगची खूण जुळवून ठेवावी आणि नळ्यांची तोंडे झाकावीत. दुरुस्तीनंतर पंपाची जागा टेस्ट बेंचवर. तिथे मोटर पंप ठरावीक वेगाने फिरवते आणि प्रत्येक तोंडातून आलेले तेल मापाच्या काचनळीत जमते. सगळ्या नळ्यांतली पातळी सारखी यायला हवी. तीन सिलिंडरच्या पंपात फवाऱ्यांमधले अंतर 120 अंशांचे असते, तेही इथेच पाहतात, आणि गव्हर्नर कोणत्या फेऱ्यांना डिझेल तोडतो तेही. बेंचवर न चढलेला पंप दुरुस्त झाला, असे मी मानत नाही.

‘जरा पंप वाढवून द्या’ हा आग्रह शेतकऱ्यांनी सोडावा. सीलबंद स्क्रू फिरवून डिझेल वाढते, हवा तेवढीच राहते. जादा डिझेल धुरात जाते, थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून इंजिन ऑइल पातळ करते आणि इंजिन अवाजवी तापते.

पंप परत घेताना प्रत्येक सिलिंडरचे माप आणि फेरे लिहिलेला कॅलिब्रेशनचा कागद मागून घ्या. काढलेली जुनी एलिमेंटही सोबत मागा, आणि सील पुन्हा बसवले आहे का ते स्वतः पाहा.