गोखिवऱ्याआधीची चाळणी

३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, आणि रस्ते, पाणी, करवसुली यांच्याबरोबर या सर्व वस्त्यांचा कचराही एकाच यंत्रणेच्या गळ्यात पडला. २०११ च्या जनगणनेत १२ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या या शहराचा कचरा प्रामुख्याने वसई पूर्वेतील गोखिवरे येथील क्षेपणभूमीवर जात राहिला. मिश्र कचऱ्याचे थर साचले की आतल्या ओल्या भागाला हवा मिळत नाही, तो कुजून मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो, आणि अशा ढिगाला लागलेली आग वरून विझली तरी आत धुमसत राहते, याचा अनुभव गोखिवरे परिसराने वारंवार घेतला आहे.

कचरा क्षेपणभूमीपर्यंत पोहोचण्याआधीच त्यातील उपयोगी वस्तू वेगळ्या काढणाऱ्या केंद्राला ‘मटेरियल रिकव्हरी फॅसिलिटी’ म्हणतात. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने अशी केंद्रे उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. केंद्रात आलेला सुका कचरा प्रथम ट्रॉमेल या फिरत्या दंडगोल चाळणीतून जातो, माती आणि बारीक चुरा खाली गळतो, उरलेला माल सरकत्या पट्ट्यावर येतो, लोखंड चुंबकाने ओढले जाते, पुठ्ठा, काच व प्लास्टिकचे प्रकार कामगार हाताने निवडतात, आणि शेवटी दाबयंत्रात त्यांचे गठ्ठे बांधले जातात.

निवड किती बारीक असावी लागते, हे पाण्याच्या साध्या बाटलीवरून कळते. बाटली पेट प्लास्टिकची, तर झाकण बहुधा पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असते. पुनर्प्रक्रिया कारखान्यात दोन्हींचा चुरा पाण्यात टाकला की पेट तळाशी जाते आणि झाकणाचा चुरा तरंगतो. मात्र हीच बाटली आमटी-भाताच्या खरकट्यात लडबडून आली, तर धुण्याचा खर्च वाढतो आणि भाव पडतो. पुठ्ठा तर एकदा भिजून तेलकट झाला की कागद गिरणीच्या उपयोगाचा उरत नाही. त्यामुळे केंद्राचे यश यंत्रांपेक्षा घंटागाडीतील ओल्या-सुक्याच्या कप्प्यांवर अधिक ठरते, आणि वसईच्या धुवाधार पावसात छप्पर नसलेले केंद्र नसल्यातच जमा असते.

या शहराचा कचराही एकजिनसी नाही. पश्चिमेकडील वाड्यांमधून झावळ्या आणि केळीचे खुंट निघतात, नालासोपाऱ्याच्या दाट वस्तीतून वेष्टनांचा खच येतो, तर वालीव आणि सातिवलीच्या औद्योगिक पट्ट्यातील घातक कचरा या केंद्रांत येताच कामा नये. रेल्वेमार्गाने दोन भागांत विभागलेल्या शहरात सगळा माल एकाच अवाढव्य केंद्राकडे वाहून नेण्यापेक्षा प्रभागवार लहान केंद्रे उभारणे आणि वाड्यांतील पालापाचोळ्याचे खत जागच्या जागी करणे अधिक शहाणपणाचे ठरते; अर्थात, अशा केंद्रासाठी शेजारी जागा देण्यास कोणतीही वस्ती आनंदाने तयार होत नाही, हेही खरेच.

हिशेबाची खरी अडचण मात्र भावात आहे. रद्दी, पत्रा, तांबे असा चांगला माल भंगारवाले आणि कचरावेचक केंद्राआधीच उचलतात, आणि केंद्राच्या वाट्याला बरीचशी वेफर्सची बहुस्तरीय पाकिटे येतात, ज्यांत प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना चिकटलेले असल्याने ती सहसा सिमेंट भट्टीत इंधन म्हणूनच जातात. म्हणून केवळ भंगारविक्रीवर केंद्राचा खर्च भागेल, ही अपेक्षा फोल आहे. यावरची एक वाट पुण्यात दिसते: तेथे ‘कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत’ या १९९३ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेतून पुढे आलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था कचरावेचकांना बाजूला सारत नाही; तेच दारोदार कचरा गोळा करतात, सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे त्यांनाच मिळतात, आणि त्याखेरीज प्रत्येक घर सेवेचे मासिक शुल्क देते.