टेम्पोवरचं पेडल आणि सायकलची साखळी

भिवंडी परिसरात हळद असो की गणपतीची मिरवणूक, बँजोशिवाय रंग भरत नाही. हा बँजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली पिकअप बसवलेला बुलबुलतरंग. त्याच्या आवाजाला धार किंवा घुमारा यावा म्हणून काही वादक गिटारवाल्यांचीच इफेक्ट पेडल्स त्याला जोडतात: डिस्टॉर्शन, डिले, कोरस. सभागृहातल्या गिटारवाल्याचं पेडल फार तर पायाखाली सरकतं. मिरवणुकीच्या टेम्पोवरच्या पेडलला त्याशिवाय इथल्या अंजूरफाट्याचे खड्डेही सोसावे लागतात. अशी पेडल्स लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या बोर्डावर बसवायची सर्रास पद्धत म्हणजे वेल्क्रो, आणि नेमका तोच दगा देतो.

वेल्क्रोचा जन्म रानातला. 1941 मध्ये जॉर्ज द मेस्ट्राल हा स्विस इंजिनिअर कुत्र्याला घेऊन हिंडायला गेला आणि बरडॉक नावाच्या झुडपाची काटेरी फळं दोघांनाही चिकटली. आपल्याकडे शंकेश्वराची फळं धोतराला लागतात, तसाच हा प्रकार. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला काट्यांच्या टोकांना आकडे दिसले. एका पट्टीवर नायलॉनचे आकडे आणि दुसरीवर मऊ फासे अशी रचना त्याने केली; 1955 मध्ये तिचं पेटंट झालं.

ही पकड बाजूने ओढलं तर जबरदस्त असते, कारण शेकडो आकडे एकदम भार घेतात. पण एक कोपरा वर उचलला की त्या क्षणी फक्त कडेची एक रांग भार झेलते. ती सुटली की पुढची, मग त्यापुढची. पेडलच्या एका टोकाला स्विच असतो. तिथे टाच दाबली की दुसरं टोक उचलू बघतं. म्हणजे वेल्क्रो ज्या दिशेला कमकुवत, नेमका त्याच दिशेचा जोर आपण त्याच्यावर गाणंभर लावत बसतो.

तरी आकडे सहसा शेवटी सुटतात. आधी सुटतो त्यामागचा गोंद. तो कधीच पूर्ण वाळत नाही, अतिशय घट्ट द्रवासारखा वागतो आणि सततच्या भाराखाली हळूहळू वाहतो. उष्णतेने हे वाहणं वाढतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत तापमान सहज पन्नास अंशांपुढे जातं. शिवाय बॉस कंपनीच्या पेडल्सना (1977 पासून ही छोटी पेडल्स बाजारात आहेत) तळाला रबर असतं, आणि रबरावर गोंद धड बसत नाही. यावर भिवंडीची स्वतःची भर म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीत हवेत तरंगणारे सुताचे तंतू. ते आकड्यांत अडकून बसले की फाशांना जागाच उरत नाही.

मग दुसरं काय? चुंबक सुचतो, पण बहुतेक पेडल्सचं आवरण ॲल्युमिनियमचं, त्याला चुंबक धरत नाही. तळपट्टी लोखंडी असली तरी मधल्या रंगाच्या आणि रबराच्या जाडीने ओढ झपाट्याने घटते. अळंबीच्या टोपीसारखी डोकी असलेली डुअल लॉक पट्टी वेल्क्रोहून घट्ट बसते, पण तिच्या मागेही गोंदच. केबल टाय मात्र प्रामाणिक उपाय आहे: बोर्डाला दोन भोकं पाडा, पेडलवरून टाय फिरवून आवळा. स्वस्त, आणि एक तुटला तर दुसरा लावता येतो. बटणं आणि सॉकेट चुकवून तो नेण्याची कसरत तेवढी करावी लागते, आणि दिसायला तो गचाळच दिसतो.

माझं मत सायकलच्या साखळीला. जुनी साखळी सायकलवाल्याकडे मिळते. ती रॉकेलने धुवायची, पिना ठोकून काढायच्या आणि बाहेरच्या पट्ट्या वेगळ्या करायच्या. प्रत्येक पट्टीला दोन भोकं असतात, त्यांच्या मध्यांतलं अंतर 12.7 मिलिमीटर, म्हणजे बरोब्बर अर्धा इंच. भोक साधारण साडेतीन मिलिमीटरचं, पेडलच्या तळाच्या स्क्रूला चालण्याजोगं. पेडलच्या कोपऱ्यातला स्क्रू काढायचा, पट्टीच्या एका भोकातून तो परत घट्ट करायचा. दुसरं भोक पेडलच्या बाहेर डोकावतं, त्यातून पट्टी बोर्डाला जखडायची. समोरासमोरचे दोन कोपरे पुरतात. पट्टीच्या जाडीमुळे स्क्रूचे आटे आत कमी जात असतील, तर थोडा लांब स्क्रू घ्यावा. ज्या पेडलची बॅटरी तळ उघडून बदलावी लागते, तिथे बॅटरीला रजा देऊन अडॅप्टर जोडलेला बरा.

या पट्टीचा भिवंडीशी लांबचा का होईना, संबंध आहे. हान्स रेनॉल्ड या माणसाने 1879 मध्ये मँचेस्टरशेजारच्या सॅल्फर्डमध्ये कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या बनवणारा एक छोटा धंदा विकत घेतला. पुढच्याच वर्षी त्याने बुश रोलर साखळी काढली. सायकलच्या साखळीचं मूळ तीच. गंमत म्हणजे रेनॉल्डही जन्माने स्विसच.

पोलाद खोलीच्या तापमानाला वाहत नाही, म्हणून पट्टी टिकते. हादरे मात्र तिलाही आहेत. 1969 मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने दाखवून दिलं, की बोल्टच्या आडव्या दिशेने हादरे बसले आणि जोड बारीक सरकत राहिला, तर बोल्ट आपोआप उलटा फिरतो. त्याच्या चाचणी-यंत्रावर पुढे झालेल्या प्रयोगांत साध्या स्प्रिंग वॉशरने फारसा फरक पडला नाही. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा धोटा मारणाऱ्या मागाशी रोज झुंजणाऱ्या फिटरला हादऱ्यांबद्दल वेगळं सांगायला नको. प्लायवुडमध्ये नुसता लाकडी स्क्रू पिळण्यापेक्षा आरपार बोल्ट घालून खालून नायलॉक नट लावावा. त्यातली नायलॉनची कडी आट्यांना आवळून धरते.

दर आठवड्याला पेडल बदलणाऱ्याने वेल्क्रोच ठेवावा, त्याला पाना-पकड घेऊन बसायला वेळ नसतो. आणि पेडल एकदा जागचं हलेनासं झालं की पुढचा ताण दोन पेडल्समधल्या छोट्या केबलवर येतो. ती ताठ ओढून लावली तर जॅकचं सोल्डर आधी तडकतं; म्हणून पट्ट्या आवळण्यापूर्वी केबल जोडून बघावी आणि तिला थोडी ढील ठेवावी.