यंत्र बरे की दोन हात?

माणूस एकाएकी कोसळला की घरात काय गोंधळ उडतो, ते वाचकांना सांगायला नको. कोणी तोंडावर पाणी मारतो, कोणी कांदा हुंगवतो, कोणी शेजारच्या अण्णांना हाका मारतो. हाक मारून तो हलत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर हृदय थांबले असे समजून छातीच्या मधल्या हाडावर दोन्ही हातांनी दाबू लागावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतके जोरात!

ऐकायला सोपे आहे. पण एका डॉक्टरांनी आमच्या सोसायटीत रबरी पुतळ्यावर हे करून घेतले, तेव्हा दोन मिनिटांतच माझी मनगटे भरून आली. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलावा असे शास्त्रच सांगते. मनात आले, हे काम यंत्राकडे का सोपवू नये? यंत्राला ना दम लागत, ना त्याचे हात कापत.

तशी यंत्रे आहेत. छाती न उघडता नुसत्या हातांच्या दाबाने रक्त खेळते ठेवता येते, हे १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर या त्रयीने जगापुढे मांडले. (यांतले कौवेनहोवन डॉक्टर नव्हेत, विजेचे इंजिनिअर!) यंत्रे त्याच दशकात निघू लागली. हल्ली दोन विशेष प्रसिद्ध आहेत. स्वीडनमधल्या लुंड गावचे 'ल्यूकस' छातीवर रबरी वाटी टेकवून दट्ट्याने दाबते. 'ऑटोपल्स' छातीभोवती रुंद पट्टा आवळते नि सैल सोडते.

यंत्र जिंकणार अशीच माझी खात्री होती. डॉक्टरांनी दिलेले आकडे मात्र वेगळेच बोलत होते. उत्तर अमेरिकेत झालेल्या पट्ट्याच्या यंत्राच्या परीक्षेचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. इस्पितळातून जिवंत घरी गेलेले रुग्ण हातांच्या गटात शेकडा ९.९, यंत्राच्या गटात ५.८! परीक्षा मध्येच थांबवावी लागली. युरोपात २,५८९ रुग्णांवर 'ल्यूकस' तपासले, त्याचे निष्कर्ष २०१४ साली छापून आले. चार तासांनंतर जिवंत असलेले यंत्राच्या गटात शेकडा २३.६, हातांच्या गटात २३.७. पुढल्याच वर्षी छापून आलेल्या, ब्रिटनमधल्या ४,४७१ रुग्णांच्या पाहणीतही यंत्राची सरशी झाली नाही.

असे का व्हावे? एक कारण साधे आहे. यंत्र पाठीखाली सरकवायचे, जागेवर बसवायचे, सुरू करायचे. तेवढ्यात दाबणे थांबते, आणि मेंदूला जाणारे रक्तही. सराव नसलेल्यांच्या हातून तर फारच वेळ जातो. शिवाय यंत्र येते गाडीबरोबर, आणि मदतीवाचून जाणारे प्रत्येक मिनिट वाचण्याची आशा शेकडा सात ते दहा हिश्शांनी कमी करते.

म्हणून यंत्र टाकाऊ मात्र नव्हे. धावत्या रुग्णवाहिकेत पट्टा न लावता उभे राहून दाबणाऱ्याचा स्वतःचाच कपाळमोक्ष व्हायचा. लिफ्ट नसलेल्या चाळीच्या चौथ्या मजल्यावरून, अरुंद जिन्याच्या वळणावळणांनी स्ट्रेचर उतरवताना कोणाचे हात छातीवर टिकणार? इस्पितळात क्ष-किरणांच्या झोताखाली हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी करायची असते, तेव्हाही यंत्रच बरे. अशा ठिकाणी ते वापरावे असे जाणकारांचेही मत आहे. सरसकट सगळीकडे नव्हे.

तेव्हा घरच्यांनी यंत्राची वाट पाहत बसू नये. एकाने १०८ ला फोन करावा, दुसऱ्याने दाबायला लागावे. बरगडी मोडेल ही भीती खोटी नाही, कधीकधी ती मोडतेही. पण बरगडी पुन्हा जुळते. आमच्या वर्गात पुष्कळांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. माणूस पलंगावर असेल तर त्याला आधी खाली जमिनीवर घ्यावे. मऊ गादीवर दाबले की छातीऐवजी गादीच खाली जाते.