उभा राहिला म्हणजे शुद्धीवर आला असं नाही

वाघ बेशुद्ध करून पकडला की बातमी संपते, औषधाचं काम मात्र चालूच असतं. आपल्याकडे वाघ-बिबट्यांच्या डार्टमध्ये बहुधा झायलाझिन आणि केटामाइन एकत्र भरतात. झायलाझिन गुंगी आणून स्नायू सैल करतं. केटामाइन जनावराचा भोवतालाशी संबंधच तोडतं. डोळे तेवढे उघडे राहतात, म्हणून पशुवैद्य त्यांत मलम घालून वर फडकं बांधतात. पुढे यकृत केटामाइनमधला एक मिथाइल गट काढून टाकतं आणि नॉरकेटामाइन तयार होतं. तेही गुंगी आणणारंच. म्हणून जनावर पायांवर उभं राहिलं एवढ्यावरून त्याला सोडायची वेळ ठरवू नये.

‘उतारा आहे ना!’ असं कोणी म्हणेल. योहिम्बिन टोचलं की जनावर मान उचलतं, हे खरं. पण हा उतारा झायलाझिनचा. केटामाइनला उतारा नाही, नॉरकेटामाइनलाही नाही. घाईने उतारा दिला तर उरलेल्या केटामाइनने अंग ताठरतं, झटकेही येऊ शकतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत नॉरकेटामाइनचा जोर केटामाइनच्या साधारण एक तृतीयांश भरला, मग एवढी धास्ती कशाला? एका डोसात काम झालं तर फारशी नकोच. पण डार्ट अर्धवट लागून जनावर नाल्यात शिरलं आणि पुन्हा डोस द्यावा लागला, की पहिल्याचा शेष अंगात असतानाच दुसऱ्याची भर पडते. त्यात कुत्र्याचं शरीर नॉरकेटामाइनची पुढे मोडतोड करतं, मांजर मात्र ते बरंचसं तसंच लघवीवाटे टाकतं. वाघ मांजराच्याच कुळातला, म्हणजे भिस्त मूत्रपिंडांवर. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पाण्यावाचून सुकलेल्या जनावराला लघवी ती किती होणार?

मेळघाटात हा प्रश्न पुस्तकी नाही. व्याघ्र प्रकल्पाचं जंगल अमरावती जिल्ह्यातून अकोल्यातल्या नरनाळ्यापर्यंत पसरलंय, गावं त्याला लागूनच. ब्रह्मपुरीची ई-वन वाघीण २०१९ मध्ये इथे आणून सोडली. माणसांवर हल्ले झाले आणि त्याच वर्षी तिला पुन्हा बेशुद्ध करून नागपूरच्या गोरेवाड्याला हलवावं लागलं. पिंजऱ्यात जनावर धडका देतं, दात मोडून घेतं, हा सोडायची घाई करणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. पण लटपटता वाघ पऱ्हाटीच्या वावरालगत सोडला तर धोका त्यालाही आणि निंदणाऱ्या बायांनाही. त्यापेक्षा सावलीतला, झाकलेला पिंजरा आणि चाल सरळ पडेपर्यंतचे काही तास परवडले. सलाइन मात्र आधीच लावून घ्यावं. उतारा दिल्यावर शीर शोधायला कोण जाणार?